सर्वानुमते, साळवेबाई सोडून

पार्किंगमध्ये आमच्या सोसायटीची मीटिंग रंगात आलेली असते. चेअरमन बोराडे साहेब माइक ओठांना चिकटवून, छाती जरा फुगवून म्हणतात, "तर मंडळी, सर्वानुमते..." आणि मागच्या खांबाजवळून आवाज येतो, "टिंग!"

तिथं घंटा वगैरे काही नसते. साळवेबाई तोंडानंच म्हणतात. पण इतकं खणखणीत की पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकून वर बघतो. बाई एसटीत कंडक्टर होत्या. एसटीची भाषा सगळ्यांना ठाऊक आहे, एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. निवृत्त होताना बाईंनी तिकिटाचं यंत्र परत केलं, खाकी साडी परत केली, पण घंटेची दोरी काही सोडली नाही.

"आता काय, साळवेबाई?" बोराडे साहेब माइक खाली घेतात.

"कामून घाई करता? एक पॅसिंजर उतरायचंय अजून."

"कोण?"

"मी."

आम्ही बजाजनगरात भाड्यानं राहायला आलो तेव्हा आमच्या समोरचंच दार या बाईंचं निघालं. मी वाळूजच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात. आमच्याकडं तीन पिढ्या कारकुनी, म्हणजे साहेब 'हो' म्हणायच्या आधीच आपण 'हो' म्हणून ठेवायचं अशी रीत. त्यामुळं असा प्राणी मी जवळून कधी पाहिला नव्हता. उंच, काटक, चष्मा दोरीनं गळ्यात. मीटिंगला कधी बसत नाहीत. खांबाला टेकून, एक पाय पुढं रोवून उभ्या. मी एकदा खुर्ची दिली तर म्हणाल्या, "नको कुलकर्णी भाऊ. बसलं की माणसाला वाटतं आपली सीट झाली, आता बाकीच्यांचं काय का होईना."

त्या वर्षी सोसायटीची म्हैसमाळला सहल ठरत होती. बोराडे साहेब म्हणाले, सगळ्यांची इच्छा आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी ठरली, डबे ठरले, पुऱ्या कोण करणार आणि लोणचं कुणाचं हेसुद्धा ठरलं. मग "टिंग!"

"खरंच कुणाला जायचंय? मनापासून? मुळे काका, तुम्हाला जायचंय?"

मुळे काका तळमजल्यावरचे, निवृत्त मास्तर. ते गडबडले. "मला तसं... गुडघे दुखतात. पण सगळ्यांचा उत्साह आहे म्हटल्यावर..."

"दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, तुम्हाला?"

"मला गाडी लागते. पण म्हटलं मुळे काका एवढे हौसेनं निघालेत..."

असं करत करत अख्खी पार्किंग विचारून झाली. कुणालाच जायचं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना जायचंय. खुद्द बोराडे साहेब म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही लोक मागं लागलाय!" शेवटी सगळ्यांनी गच्चीवर पिठलं-भाकरी केली, आणि पुऱ्या लाटायच्या वाचल्या म्हणून बायकांनी साळवेबाईंना ठेचा दोनदा जास्त वाढला.

मात्र हा स्वभाव प्रत्येक वेळी फळतोच असं नाही. माझी बायको वैदेही एकदा त्यांच्याबरोबर शहागंजात चादरी घ्यायला गेली. दुकानदारानं नेहमीचा सूर लावला, "आपा, ये देखो, सब यहीच ले जारे."

"सब ले जारे ना भाई? तो फिर मेरे कू वो दिखाव जो कोई नै ले जारा."

दुकानदार क्षणभर गोंधळला. मग माळ्यावरून धूळ झटकत त्यानं एक चादर काढली. पोपटी रंगावर केशरी अननस. बाईंनी ती घेतली. वैदेही घरी येऊन म्हणाली, "त्या चादरीवर झोपलेल्या माणसाला स्वप्नं पण आंबट पडतील." आता तो दुकानदार बाईंना लांबून बघूनच ओरडतो, "आपा आ गए, ऊपर का माल उतारो!" ज्या अननसांना कुणी विचारत नव्हतं त्यांचा अख्खा गठ्ठा त्यांच्या नावानं राखून ठेवलेला असतो.

आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप! तिथं बाईंचं एकच उत्तर ठरलेलं, "कुणी पाह्यलं?" कुणी लिहिलं, अमुक फळाच्या सालीनं साखर उतरते. "कुणी पाह्यलं?" कुणी लिहिलं, उद्यापासून पाणी आठ दिवसांनी येणार, खात्रीशीर बातमी. "कुणी पाह्यलं?" वैतागून एकदा बोराडे साहेबांनी त्यांना ग्रुपमधून काढलं. ग्रुप शांत झाला, इतका शांत झाला की सुप्रभातच्या फुलांशिवाय काही उरेना. मग लोकच म्हणाले, घ्या बाईंना परत, त्यांच्याशिवाय भांडायला कुणी नाही.

त्यांच्या घरी मात्र कुणी जात नसे. त्यांचे मिस्टर घरीच असतात, तब्येत बरी नसते, एवढंच माहीत होतं. बाई दार अर्धंच उघडायच्या आणि त्या अर्ध्या दारात पूर्ण उभ्या राहायच्या. आपण काही द्यायला गेलो की वाटी हातात घेऊन, "बरंय भाऊ," आणि दार बंद.

तर अशा या बाई. आता मुलींचं प्रकरण सांगतो.

चौथ्या मजल्यावर एका फ्लॅटमध्ये चार मुली भाड्यानं राहत होत्या. जिंतूर, हिंगोली, वसमतकडच्या. वाळूजच्या कंपनीत कामाला, पाळ्या बदलत्या. त्यातली अश्विनी जिन्यात भेटली की "नमस्ते काका" म्हणायची, म्हणून तिचं तेवढं नाव मला ठाऊक होतं. बाकीच्यांना सोसायटी 'चौथ्यावरच्या पोरी' म्हणायची.

एक दिवस ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, रात्री गाडी येते. संध्याकाळपर्यंत त्याचं झालं, रात्री गाड्या येतात. दुसऱ्या दिवशी, कोण कोण येतं काय माहीत. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी लिहिलं, आपल्याही घरात लेकीबाळी आहेत, आता गप्प बसून चालणार नाही. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. साळवेबाईंनी विचारलं, "कुणी पाह्यलं?" या वेळी कुणी भांडलंसुद्धा नाही. ते मला जास्त भीतीचं वाटलं. फ्लॅटचा मालक पुण्यात. तो म्हणाला, सोसायटी ठरवेल ते मान्य.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. भाडेकरूला मत नसतं, त्यामुळं माझ्याकडं खुर्च्या मांडायचं काम होतं. एरवी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. त्या दिवशी घरून स्टुलं आणावी लागली. लोक नटूनथटून आले होते. एकमेकांना जागा देत होते, पाणी विचारत होते. गेल्या आठवड्यात गाडी लावण्यावरून ज्यांची जुंपली होती ते दोघं मांडीला मांडी लावून बसले होते. सोसायटीत एवढा एकोपा मी पहिल्यांदाच पाहिला. आणि वर बघितलं तर जिन्याच्या वळणावर, कठड्याआड, चारही मुली उभ्या होत्या. ओढण्या हातात घट्ट धरून.

बोराडे साहेबांनी भाषण केलं. संस्कार, वातावरण, जबाबदारी, सगळं आलं. मग म्हणाले, "महिनाअखेर फ्लॅट रिकामा करावा आणि पुढं अविवाहित मुलींना जागा देऊ नये. ज्यांना मंजूर, त्यांनी हात वर करावेत."

हातांचं रान उभं राहिलं. काहींनी तर दोन्ही वर केले.

"तर मंडळी, सर्वानुमते..."

"टिंग!"

या वेळी कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला, "बाई, आज नाटकं नकोत." दुसरा म्हणाला, "यांना नेहमीचंच आहे." कुणीतरी मागून म्हणालं, "एवढा पुळका आहे तर स्वतःच्या घरात ठेवा की."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पाय आणखी जरा पुढं रोवला.

"बोराडे साहेब, तुमचं सगळ्यांचं एकमत हाय ना? मग एका बाईनं दोन गोष्टी विचारल्यानं मोडतंय व्हय ते? मला एवढंच सांगा, तुम्ही बजाजनगरात पह्यल्यांदा आले तवा कुठं उतरले होते?"

बोराडे साहेबांच्या हातात माइक होता, आणि हातात माइक असताना स्वतःची गोष्ट सांगायची नाही हे त्यांना जमणारं नव्हतं.

"आम्ही? अहो, आम्ही काय दिवस काढलेत! पत्र्याची खोली. तिन्ही पाळ्यांची पोरं एका खोलीत. एक गादीवरून उठला की दुसरा आडवा व्हायचा. वर्षभर ती गादी थंड झाली नाही!"

लोक हसले. साहेब खुलले.

"मग शेजारचे लोक काय म्हणायचे?"

"शेजारचे? चोर म्हणायचे की! समोरच्या काकूंची दोरीवरची चादर गेली, तर त्यांनी आमच्या खोलीची झडती घेतली. ट्रंकेतले कपडे रस्त्यावर. आणि चादर सापडली कुठं? गायीच्या तोंडात!"

आता पार्किंग गदगदून हसत होती. बोराडे साहेबसुद्धा.

"मग त्या काकूनं माफी मागितली असंल," बाई म्हणाल्या.

"कसली माफी? घरमालकानं आम्हालाच काढलं. म्हणाला, पोरं म्हटलं की कटकट. दिवाळीच्या तोंडावर. ट्रंक डोक्यावर घेऊन मी..." साहेब थांबले. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता.

बाई हळूच म्हणाल्या, "मी जालना रोडवर लई वर्षं गाडीवर होते. भरलेली गाडी करमाडला थांबली की आतला माणूस ओरडायचा, बाई, जागा नाय, घेऊ नका कुणाला. अन् तोच माणूस मागल्या स्टॉपवर दाराला लोंबकळत म्हणत असायचा, सरका की जरा, लई जागा हाय आत. आत आलं की माणूस लगीच आतला व्हतो, साहेब. त्याच्यात त्याची चूक नाय. पण कंडक्टरनं त्याचं ऐकायचं नसतं."

वर केलेले काही हात अजून तसेच अर्धवट हवेत होते, कारण खाली कधी घ्यायचे हे कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "मी पण दुसऱ्या पाळीला जायची."

त्या बोराडे वहिनी होत्या. सुमनवहिनी. इतक्या मीटिंगांत त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या चहाच्या वेळेला उठायच्या आणि चहा झाला की बसायच्या.

"लग्नाआधी. औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत, पॅकिंगला. कंपनीची गाडी कोपऱ्यावर सोडायची. कोपऱ्यापासून घरापर्यंत येईतो एकेक खिडकी उघडायची. मी ओढणी तोंडावर घेऊन पळत यायची. चोरी केल्यासारखी. पगार भावाच्या शिक्षणाला जात होता." त्यांनी पदर सारखा केला. "मी मघाशी हात वर केला, कारण ह्यांनी केला. माझा हात खाली समजा."

बोराडे साहेब माइक तसाच धरून बायकोकडं बघत राहिले. "अगं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी माइक दिला नाही."

असा हशा मी आमच्या सोसायटीत पुन्हा ऐकला नाही. पार्किंगच्या छतावरची कबुतरं उडाली. साहेब स्वतः इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला, आणि चष्मा पुसता पुसता त्यांनी डोळेही पुसून घेतले. मग उठून त्यांनी माइक खरंच वहिनींच्या हातात दिला.

त्यानंतर धरणच फुटलं. जो तो आपली पहिली खोली सांगू लागला. कुणाला आडनाव विचारून खोली नाकारली होती, कुणाला मटण शिजवता म्हणून, कुणाला नुसतंच 'मराठवाड्यातले लोक' म्हणून पुण्यात. साळवेबाई ऐकत होत्या. त्यांनी स्वतःचं काही सांगितलं नाही. हात पटापट खाली येत होते. वहिनींनी माइक दोन्ही हातांत धरून विचारलं, "मग मुली राहू द्यायच्या ना?" पुन्हा हातांचं रान. या वेळी आणखी दाट.

"तर सर्वानुमते..." बोराडे साहेब सवयीनं बोलून गेले.

"टिंग!"

"अहो बाई!" साहेब जवळजवळ रडकुंडीला आले. "तुमच्या बाजूनंच झालंय आता!"

"तेच तर. पुन्हा सगळे एकाच दाराला लोटले. ज्याला खरीच अडचण असंल त्यानं आत्ता बोलावं. मागून कुजबुज नको."

मग मुळे मास्तरांनी खाकरून हात वर केला. बिचारे घामाघूम झाले होते.

"अडचण म्हणजे... ते गेट हो. माझी खिडकी गेटाशीच. कंपनीची गाडी मुलींना सोडते, त्या गेट उघडतात, आणि ते असं किंचाळतं की मला पुन्हा झोप लागत नाही. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं, रात्री गाडी येते, झोप मोडते. पुढचं मी नाही लिहिलं. पुढचं आपोआपच होत गेलं."

सगळे एकमेकांकडं बघू लागले. आठवडाभर आमच्या संस्कृतीवर जे संकट घोंघावत होतं, ते एका गंजलेल्या बिजागरीत राहत होतं.

मी खुर्च्या मांडणारा माणूस. मला त्या दिवशी पहिल्यांदाच सोसायटीच्या कारभारात भाग घ्यायला मिळाला. घरून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली आणि सगळ्यांच्या देखत बिजागरीत ओतली. बोराडे साहेबांनी स्वतः गेट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गेट लोण्यासारखं फिरलं. मुळे मास्तरांनी कान लावून ऐकलं आणि मान डोलावली.

सगळ्यांचे डोळे खांबाकडं वळले. साळवेबाईंनी चष्मा उतरवला. सावकाश, एकेक करून पार्किंगमधल्या सगळ्या चेहऱ्यांकडं पाहिलं, कुणी उतरायचं राहिलं नाही ना म्हणून. आणि म्हणाल्या, "टिंग टिंग!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. जिन्याच्या वळणावरूनही टाळ्या वाजल्या, तेव्हा कुठं लोकांना कळलं की मुली सगळं ऐकत होत्या. सुमनवहिनी माइक घेऊनच वर बघत म्हणाल्या, "अगं, तिथं काय उभ्या? खाली या, चहा घ्या." आणि त्या दिवशी चहा बोराडे साहेबांनी वाटला.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी अश्विनी आमच्या दारात आली. हातात गावाकडून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. साळवेबाईंना द्यायचा होता. "काका, तुम्ही चला ना बरोबर. मला त्यांची भीती वाटते." भीती मलाही वाटत होती, पण काका म्हटल्यावर जावं लागलं.

बेल वाजवली. दार नेहमीसारखं अर्धं उघडलं. बाईंनी डबा पाहिला, पोरीकडं पाहिलं. दार मिटायला हात गेला आणि तिथंच थांबला. मग त्या बाजूला झाल्या. "या. पण हळू बोला."

आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कॉटवर ती अननसांची चादर, आणि तिच्यावर साळवेबाईंचे मिस्टर. दाढी केलेली, भांग पाडलेला, अंगात कुठल्यातरी कंपनीचा जुना निळा शर्ट. पायांत बूटही होते. दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्या मांडीवर पडलं होतं.

"गाडी आली का?" त्यांनी विचारलं.

"यायलीय," बाई म्हणाल्या. "रस्त्यातय. तोवर च्या घ्या."

"आज फर्स्ट शिफ्ट आहे."

"व्हय."

"ही पोरगी नवीन लागली वाटतं लाइनवर?" त्यांनी अश्विनीकडं बोट केलं.

"व्हय. आजच लागली."

"जपून काम कर गं," ते अश्विनीला म्हणाले. "मशीनजवळ ओढणी बांधून घेत जा."

"हो, काका," अश्विनी म्हणाली आणि तिनं खरंच ओढणी बांधून घेतली.

बाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, त्यांच्या ओठांशी धरला. ते प्याले. मग बराच वेळ त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं, अगदी अदबीनं.

"बाई, तुम्ही लई करता माझं. तुमचं लग्न झालंय का?"

"व्हय. झालंय."

"कसाय माणूस?"

बाईंनी बशी खाली ठेवली.

"लई चांगलाय."

"नशीब लागतं," ते म्हणाले.

"व्हय," साळवेबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या शर्टाचं वरचं सुटलेलं बटण लावू लागल्या.